थंड झाल्याशिवाय

मालवणात रात्रभर हमखास वीज असते ती
मेथरांच्या बर्फाच्या कारखान्यात.
जनरेटर आहे म्हणून नेट आहे,
म्हणून पावतीपुस्तकं एका अंगाला सारून
मी माझी दीर्घिका इथे उघडते.

टेबलाखाली पाय गारठतात.
भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धापा टाकतो,
अमोनियाचा वास मधूनच
नाकाला चिमटा काढून जातो.
दीर्घिकेला नाव नाही, नुसता आकडा,
बाबीकाकांच्या लाँचच्या परवान्याएवढा लांब.

वेडीवाकडी आहे.
कधीतरी दुसरी एक, लहानशी,
हिच्या पोटातून आरपार गेली
आणि बावीत धोंडा पडावा
तशी वायूची लाट कडेकडे सरकत राहिली.
जिथे दाटली तिथे तारे पेटले,
निळे, उतावळे,
कोटभर वर्षांत संपणारे.
हे झालं कडं. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही.

भांडण मधल्या ठिपक्याचं आहे.

तिथे तारे जन्मताहेत, असं मी गेल्या वर्षी लिहिलं.
हायड्रोजनची तांबडी रेघ
डोलकाठीसारखी सरळ उभी होती.
यंदा मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर
शेजारची नायट्रोजनची रेघ तिच्या खांद्याला लागलेली
आणि तांबडीचा पायथा दोन्हीकडे पसरलेला.
म्हणजे वायू गरगरतोय तिथे,
सेकंदाला दोन हजार किलोमीटर,
कशाभोवती तरी,
जे दिसत नाही, आणि गिळतं.

बाळंतपण की भूक?
सरांना सोमवारी उत्तर हवंय.
तक्त्यात रकाना एकच आहे.

अडीचला लवू कुबल क्रेनची साखळी ओढतो.
मिठाच्या पाण्यातून डबा निथळत वर येतो,
दीडशे किलोची लादी फरशीवर घसरते.
कडा अशा, की पलीकडची लवूची कानटोपी दिसावी.
मधोमध मात्र पांढरं, धुरकट,
कापूस कोंबल्यासारखं.
"मधला पाणी शेवटाक धरता,
सगळी हवा थंयच अडाकता."
मग हात काखेत खुपसून:
"रात्रभर काय बघतंस गो?"

मी स्क्रीन वळवते.
सांगते, तारा व्हायचा तर वायू आधी गार व्हावा लागतो,
तुझ्या या टाकीपेक्षा कितीतरी गार;
तापलेला नुसता पसरतो, त्याचं काही होत नाही.
लवूला यात नवल वाटत नाही.
"थंड झाल्याशिवाय कायच घट्ट होणा नाय.
मगे ह्या मधी काय पेटता?"
"तेच कळत नाही."

तो वाकून बघतो. बराच वेळ.
ठिपक्यावर त्याचं ओलं बोट उमटतं.
"रापण वढताना खोळ बघलंस मा?
मासळी उसळता, चांदी नुसती.
ती जगाक उसळता की मराक,
काठावरसून कळणा नाय."

तीस कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड
मी शर्टाच्या बाहीने पुसते.

चारला धक्क्यावर लाँच लागतात.
लाद्या चुराड्यात जातात,
पाट्या भरतात, बायका आरडतात,
कुणाची तरी पाटी कमी भरली म्हणून शिव्या.
पलीकडे पाणी पेटलंय आज:
वल्हं पडेल तिथे हिरवट ठिणग्या,
वल्हं उचललं की काळोख.

तिथे जन्मायला लागते ती थंडी
इथे मेलेलं ताजं ठेवायला चाललीय,
फावड्याफावड्याने.

रकाना कोराच आहे.
लवू विचारतो, लिहिलंस काय.
मी म्हणते, मधला पाणी अजून धरलेलं नाही.
तो हसत नाही.
घड्याळाकडे बघतो,
आणि मला,
जणू मीही एक डबाच,
सांगतो:
"अठरा तास लागतत. मदीच उघडू नको."